तपासणी कशाची, कुणासाठी?

(बुलढाणा जिल्ह्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांची एक दिवसाची बैठक खामगावला झाली. त्या बैठकीत केलेल्या भाषणाचे हे लेखी रूप.)

मैत्रिणींनो,

आजच्या बैठकीत मी कायद्यावर बोलावं असं ठरलं होतं. कायद्यावर मी बोलणार आहेच, पण सुरुवात एका प्रश्नापासून करते. काही महिन्यांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात आपल्या गटाची बैठक होती. बैठक संपली, सतरंज्या गोळा झाल्या, बाया पांगल्या. एक जण मात्र चपला घालायच्या निमित्ताने रेंगाळत राहिली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. कडेवर चार वर्षांचा मुलगा, डोळे पिवळट, हातपाय बारीक. सगळ्या गेल्यावर ती मला म्हणाली, "ताई, मले दिवस गेले. डॉक्टरीणबाई म्हणते, पोटात सुई घालून पाणी काढून तपासा लागते. पण ते तर गुन्हा असते ना? मले पोलीस तर नाही धरणार?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिच्या मुलाला सिकलसेलचा आजार आहे. ती आणि तिचा नवरा दोघंही त्या आजाराचे वाहक आहेत. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तिला सांगितलेली तपासणी अगदी याचसाठी आहे. आणि तिला वाटत होतं की आपण गुन्हेगार ठरू.

असं का वाटलं तिला? मी विचार केला आणि मला लाज वाटली. कारण काही वर्षांपूर्वी त्याच गावात आम्ही पोस्टर प्रदर्शन लावलं होतं. एका पोस्टरवर मोठी सुई काढली होती, शेजारी रडणारं बाळ, आणि खाली लाल अक्षरात लिहिलं होतं की गर्भजल परीक्षा म्हणजे खून. आमचा हेतू चांगला होता. पण बायांच्या मनात काय राहिलं? मुलगी नको म्हणणारं घर नाही राहिलं, पैसे घेणारा डॉक्टर नाही राहिला. राहिली ती सुई आणि राहिली ती बाई.

या सुईशी माझंही एक जुनं नातं आहे. गटातल्या दोघी-तिघींनाच ते माहीत आहे. आज सगळ्यांसमोर सांगते. सहानुभूतीसाठी नाही, त्याचा आजच्या विषयाशी संबंध आहे म्हणून.

१९८६ साल. मी बावीस वर्षांची होते. सासर मलकापूर तालुक्यात, पदरात दोन मुली, तिसऱ्या खेपेला चौथा महिना सरत आलेला. एक दिवस आत्याबाई म्हणाल्या, "चाल, मोठ्या डॉक्टरले दाखवून आनू. बाळ बरं वाढते का नाही, ते पाह्यतील." मला बरंच वाटलं. दोन बाळंतपणांत कुणी दवाखान्याचं नाव काढलं नव्हतं. रेल्वेने मोठ्या शहरात गेलो. दवाखान्यात टेबलावर झोपवलं, पोट पुसलं आणि काही न बोलता सुई घातली. मी ओरडले तर नर्स म्हणाली, "हलू नको, बाळाला लागेल." कशाची सुई, काय काढताय, कुणी सांगितलं नाही. कुठल्या कागदावर माझी सही घेतली नाही. पैसे दिरांनी मोजले.

पंधरा दिवसांनी दीर एकटे जाऊन आले. घरात कुजबुज झाली. मग मला सांगितलं, "बाळात खोट आहे, वाढत नाही. काढावं लागते." मी रडले, पण विश्वास ठेवला. न ठेवण्यासारखं माझ्याकडे होतं तरी काय? पाचव्या महिन्यात माझा गर्भपात झाला. पुढे दोन वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते. माझ्याच अंगात काही कमी, म्हणून बाळात खोट निघाली.

१९८९ मध्ये एका शिबिराला गेले. तिथे एक ताई नव्या कायद्याबद्दल सांगत होत्या. गर्भजल परीक्षा कशी करतात, ती करून मुलगी आहे का ते कसं काढतात, हे त्यांनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं. मी तिथेच गार पडले. ती सुई मी ओळखली. घरी येऊन नणंदेला विचारलं. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "वहिनी, पोरगी होती." बाळात खोट काहीच नव्हती.

मैत्रिणींनो, माझ्या बाबतीत अन्याय नेमका कुठे झाला, याचा मी खूप वर्षं विचार केला आहे. सुई टोचली हा अन्याय नव्हता. गर्भपात झाला एवढ्यानेच तो अन्याय ठरत नाही. गर्भपाताचा हक्क आपण बायांसाठी मागितला आहे आणि तो सोडायचा नाही. अन्याय हा की माझ्या शरीरावर काय होतंय, कशासाठी होतंय, हे माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. माझ्या नावावर निर्णय दुसऱ्यांनी घेतला, आणि मुलगी असणं हाच रोग ठरवला. म्हणून मी आजकाल 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द वापरत नाही. त्या शब्दात बाई खुनी ठरते आणि गर्भपात म्हणजे खून ठरतो. मी 'गर्भलिंगनिवड' म्हणते. निवड कोण करतं, ते मग विचारता येतं.

आता थोडा इतिहास. हे तंत्र मुळात गर्भातले काही आजार ओळखायला निघालं. आपल्याकडे १९७०च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यावर काम सुरू झालं. मुलगी असल्याचं कळलं की लोक गर्भपात मागू लागले, हे तिथेच दिसलं. सरकारी दवाखान्यांत लिंग तपासायला बंदी आली, तसा हा धंदा खासगीत गेला. आज थोडे पैसे खर्चा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागत. मुंबईत १९८५ मध्ये स्त्रीसंघटना, आरोग्याच्या क्षेत्रातले कार्यकर्ते, काही डॉक्टर आणि वकील एकत्र आले आणि लिंगनिदानाविरुद्ध मंच उभा राहिला. त्या चळवळीमुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. देशातला हा पहिला कायदा. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा संसदेत मंजूर झाला आणि १९९६च्या जानेवारीपासून लागू झाला. पण कागदावरच राहिला. तेव्हा २००० मध्ये 'सेहत' आणि 'मासूम' या आपल्या राज्यातल्या दोन संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये कायदा दुरुस्त झाला, सोनोग्राफी आणि गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात स्पष्टपणे आली.

आणि आपला जिल्हा? सिंदखेडराजा आपल्या जिल्ह्यात, जिजाऊंचं माहेर. १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना खडे बोल सुनावणाऱ्या ताराबाई शिंदे आपल्या बुलढाण्याच्या. आणि याच जिल्ह्यात २००१च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८५५ राहिल्या. राज्याचा आकडा तेव्हा ८९४ होता. २०२१ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे पुढचा आकडा मोजणीतून यायचा आहे. दर बारा जानेवारीला आपण सिंदखेडराजाला जातो, जिजाऊंचा जयजयकार करतो. परत येताना या आकड्याचाही विचार करायला हवा.

तेव्हा लढाई संपलेली नाही. २०१२ मध्ये परळीत आणि २०१७ मध्ये म्हैसाळला काय उघडकीला आलं ते आपण वाचलं आहे. दोन्ही ठिकाणी एका बाईचा जीव गेला, तेव्हा बाकीचं बाहेर आलं. पण लढाई कुणाशी आहे हे नीट कळलं पाहिजे. कायद्याने तपासणीवर बंदी घातलेली नाही. बंदी आहे ती लिंग तपासण्यावर, लिंग सांगण्यावर आणि लिंग निवडण्यावर. आजार शोधण्यासाठी तपासणी करता येते, पण नोंदलेल्या केंद्रात, ठरलेल्या कारणासाठी आणि बाईच्या संमतीने. हा फरक आपल्या गावात पोचलेला नाही. म्हणून आता तपासणी कशी असते ते सरळ सांगते. तुम्ही ते आपापल्या गटात सांगा.

पहिली सोनोग्राफी. यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत. आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी पोटावरून आत सोडतात, त्या परत येतात आणि पडद्यावर चित्र उमटतं. सुरुवातीच्या महिन्यांत लघवी तुंबलेली असेल तर चित्र चांगलं दिसतं, म्हणून पाणी पिऊन बसायला सांगतात. हे आधी माहीत नसलं की बाया लघवीला जाऊन येतात आणि पुन्हा दोन तास बसतात. आत गेल्यावर खोलीत अंधार असतो. साडी किंवा सलवार ओटीपोटापर्यंत खाली घ्यावी लागते. पोटावर थंड, चिकट मलम लावतात आणि त्यावरून एक यंत्र फिरवतात. दुखत नाही, थोडा दाब येतो. खूप लवकरच्या दिवसांत कधी कधी योनीमार्गातून बघावं लागतं. त्याआधी तुम्हाला विचारलं पाहिजे आणि डॉक्टर पुरुष असेल तर बाई सोबत हवी, असं तुम्ही म्हणू शकता.

त्याआधी एक अर्ज भरतात, त्याला 'एफ फॉर्म' म्हणतात. नाव, पत्ता, किती मुलं, सोनोग्राफी कशासाठी, हे त्यात असतं. गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं त्यावर तुम्ही सही करून देता, आणि लिंग बघितलं नाही, सांगितलं नाही असं डॉक्टरही लिहून देतात. हा फॉर्म प्रत्येक गरोदर बाईचा भरतात. तो भरला म्हणजे आपल्यावर संशय घेतला असं मानू नका. पण वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, मग सही किंवा अंगठा.

सोनोग्राफी कधी? अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान एक, त्यात दिवस नीट कळतात आणि बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात. दुसरी महत्त्वाची अठरा ते वीस आठवड्यांत, म्हणजे पाचव्या महिन्यात. तीत डोकं, पाठीचा कणा, हृदय, मूत्रपिंड, हातपाय, वार कुठे आहे, हे सगळं बघतात. ही चुकवू नका. आपल्याकडे बाया सातव्या-आठव्या महिन्यात पहिल्यांदा सोनोग्राफीला जातात. तेव्हा काही निघालं तर हातात वेळ उरत नाही. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत मिळायला हवी, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ते लिहिलेलं आहे. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, ती तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा. आणि हेही लक्षात असू द्या की सोनोग्राफीत सगळे आजार दिसत नाहीत. रिपोर्ट चांगला आला म्हणजे काहीच निघणार नाही अशी हमी नसते.

दुसरी, रक्ताची तपासणी. सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी आधी आईचं रक्त तपासतात, ती वाहक निघाली की बापाचंही. इथे एक अडचण नेहमी येते. बाई रक्त देते, नवरा म्हणतो, "मले काय झालं?" त्याला काही झालेलं नसतंच, वाहक माणूस धडधाकट असतो. पण दोघांचं रक्त बघितल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. विदर्भात हा आजार आदिवासी, बौद्ध आणि इतरही अनेक समाजांत आहे. म्हणून खरं तर हे लग्नाआधी किंवा दिवस राहण्याआधी व्हायला हवं.

रक्ताची आणखी एक तपासणी असते, तिला डबल मार्कर, क्वाड्रुपल मार्कर अशी नावं आहेत. पहिली अकरा ते तेरा आठवड्यांत, दुसरी साधारण पंधरा ते वीस आठवड्यांत. डाऊन सिंड्रोमसारख्या आजाराची शक्यता किती, याचा त्यातून अंदाज काढतात. नीट ऐका, अंदाज. रिपोर्टवर लिहिलेलं असतं, समजा, अडीचशेत एक. ते वाचून घर हादरतं. त्याचा अर्थ एवढाच की असा रिपोर्ट आलेल्या अडीचशे बायांपैकी एकीच्या बाळाला तो आजार असेल, दोनशे एकोणपन्नास जणींच्या नसेल. हल्ली दहा आठवड्यांनंतर आईच्या रक्तातूनच बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणारी महागडी तपासणी निघाली आहे. तिचा अंदाज जास्त नेमका असतो, पण तोही अंदाजच. अशा एका रिपोर्टवर कुणी गर्भपात करायला सांगत असेल तर थांबा आणि पक्की तपासणी कोणती ते विचारा.

तिसरी, सुईची तपासणी. पक्कं उत्तर यातून मिळतं. दोन प्रकार आहेत. अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा बारीकसा कण काढतात. पंधरा-सोळा आठवड्यांनंतर गर्भाभोवतीचं पाणी काढतात, तीच गर्भजल परीक्षा. ती सगळ्यांना करायची नसते. वय पस्तीसच्या वर असेल, दोन किंवा जास्त वेळा आपोआप गर्भपात झाला असेल, घराण्यात किंवा आधीच्या मुलात आनुवंशिक आजार असेल, गर्भाला घातक औषध किंवा किरणांचा संपर्क झाला असेल, अशी कारणं कायद्यात दिली आहेत. कारण लेखी नोंदवावं लागतं.

काय होतं ते सांगते, कारण या वेळी मी डोळे उघडे ठेवून बघितलं आहे. त्या मुलीने मला सोबत यायला सांगितलं. खरं सांगते, रात्रभर मला झोप आली नाही. त्या सुईसमोर मला परत उभं राहायचं होतं. पण गेले. तिचा नवरा, ती आणि मी, एसटीने आणि पुढे रेल्वेने. ही तपासणी आपल्या जिल्ह्यात तालुक्याच्या गावी होत नाही, त्यासाठी मोठं शहर गाठावं लागतं. एक दिवसाची मजुरी, तिघांचं भाडं, मुक्कामाची सोय, हा खर्च तपासणीच्या खर्चाहून वेगळा. मोफत तपासणीच्या पत्रकात तो कुठेच नसतो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी दोघांना समोर बसवलं. चित्र काढून सांगितलं. धोका सांगितला, की शंभरात एकीपेक्षाही कमी जणींना या सुईमुळे गर्भपात होऊ शकतो. नको वाटलं तर आत्ताही परत जाऊ शकता, म्हणाल्या. मग मराठीतल्या संमतीपत्रावर तिची सही घेतली आणि एक प्रत तिच्या हातात दिली. कायद्यातच तसं आहे. होणारे त्रास समजावून सांगायचे, तिला कळणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यायची, आणि प्रत तिला द्यायची. त्या कागदाकडे मी बघत राहिले. १९८६ मध्ये असा कागद समोर आला असता तर मी काय केलं असतं, माहीत नाही. पण मी निदान विचारलं असतं की हे काय आहे.

टेबलावर झोपल्यावर सोनोग्राफीने बाळ कुठे, वार कुठे ते बघितलं. पोट औषधाने पुसलं. पडद्यावर बघत बघत बारीक लांब सुई आत घातली. पाळीच्या वेळी येते तशी कळ आली असं ती म्हणाली. पिवळसर पाणी काढलं, साधारण पंधरा-वीस मिली, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे. ते पाणी पुन्हा भरून येतं. सगळं मिळून पाच मिनिटं. अर्धा तास पडून राहायला सांगितलं. पुढचे एक-दोन दिवस जड उचलायचं नाही, हंडा नाही, शेतातलं काम नाही. अंगावरून पाणी गेलं, रक्त गेलं, ताप आला, पोटातली कळ थांबली नाही, तर लगेच दवाखाना गाठायचा. जिचा रक्तगट निगेटिव्ह असतो तिला त्याच वेळी एक इंजेक्शन लागू शकतं, म्हणून रक्तगटाचा कागद सोबत ठेवा. निकालाला आजाराप्रमाणे काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. ते दिवस फार वाईट जातात. गटाची खरी गरज तेव्हा असते. रोज कुणीतरी जाऊन बसावं, बास.

निकाल काय आला हे मी इथे सांगणार नाही. तो तिचा आहे. तिने आणि नवऱ्याने बसून काय ठरवलं तेही तिचंच आहे. गावात मला चार जणींनी विचारलं. मी त्यांनाही हेच सांगितलं.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. आपल्या एका अपंग मैत्रिणीने मागे विचारलं होतं, "मुलगी नको म्हणणं चूक, मग माझ्यासारखं मूल नको म्हणणं बरोबर कसं?" मला सोपं उत्तर सापडलं नाही. एवढं कळतं की मुलीची जात ही व्यंग नाही आणि व्यंग म्हणजे जगण्याची नालायकी नाही. आजारी किंवा अपंग मूल वाढवणाऱ्या आईला औषध नाही, शाळा नाही, मदतीला माणूस नाही, सगळा भार तिच्या एकटीवर. असं असताना ती मोकळेपणी निर्णय घेते असं आपण म्हणू शकत नाही. म्हणून दोन्ही मागण्या सोबत हव्यात. तपासणी मिळाली पाहिजे, आणि तपासणी नको म्हणणाऱ्या बाईच्या मुलालाही औषधोपचार मिळाले पाहिजेत. तपासणी कर असा जुलूम नको, निकाल आला म्हणून गर्भपात कर असाही नको, आणि करू नको असाही नको.

गर्भपाताबद्दल कायदा काय म्हणतो? १९७१ चा कायदा २०२१ मध्ये बदलला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत लागतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं, आणि ते ठराविक परिस्थितीतल्या बायांसाठी. गर्भात मोठं व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने सांगितलं तर चोवीस आठवड्यांनंतरही होतो. बाई सज्ञान असेल तर फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, दवाखाने मागतात. आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चोवीस आठवड्यांपर्यंतची ही सोय अविवाहित बाईलाही आहे.

हे सांगते कारण लिंगनिदानाविरुद्ध मोहीम निघाली, धाडी पडल्या, की काही दवाखाने सरसकट गर्भपातच नाकारतात. दुसरी मुलगी असलेली बाई पाचव्या महिन्यात आली, की तिच्याकडे चोर म्हणून बघतात. मग ती जाते कुठे? जिथे पाटी नसते तिथे. आपल्या मोहिमेने बाईला तिकडे ढकललं तर ती मोहीम आपली नव्हे.

मग आपण काय करायचं? बाईला बळ द्यायचं आणि धंदा करणाऱ्याला पकडायचं. कायदाही हेच म्हणतो. लिंग तपासून घेतलं गेलं, तर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनीच बाईवर जबरदस्ती केली असं न्यायालय आधी गृहीत धरतं. उलट सिद्ध करायची जबाबदारी त्यांची. जबरदस्ती झालेल्या बाईला शिक्षा नाही. लिंग तपासून मागणाऱ्या नवऱ्याला किंवा नातेवाइकाला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. डॉक्टरलाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शब्दाने, खुणेने, कशानेही लिंग सांगणं गुन्हा आहे. पेढा आणा, जिलबी आणा, हेही सांगणंच झालं. केंद्रावर नोंदणीचं प्रमाणपत्र आणि लिंग सांगितलं जात नाही अशी मराठी पाटी दिसायला हवी. काही वावगं कळलं तर लेखी तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्या आणि पोच घ्या. पंधरा दिवसांची नोटीस देऊन आपण स्वतःही न्यायालयात जाऊ शकतो.

आणि तपासणीला जाणाऱ्या प्रत्येक बाईला पाच प्रश्न पाठ करून पाठवा. ही तपासणी कशासाठी आहे? ती कशी करणार? मला आणि बाळाला काय त्रास होऊ शकतो? उत्तर पक्कं मिळेल की अंदाज? आणि मी नाही म्हटलं तर काय? हे विचारायला शिक्षण लागत नाही. सोबत एक जण असली तरी पुरे होतं. प्रत्येक गटाने आज निदान दोघींची नावं ठरवावीत, ज्या दवाखान्यात सोबत जातील.

आमचं ते सुईचं पोस्टर मी आता काढून टाकलं आहे. नवीन पोस्टरवर काय असावं याची चर्चा चालू आहे. मला वाटतं, त्यावर हे पाच प्रश्न लिहावेत. मोठ्या अक्षरात, म्हणजे चपला घालायच्या निमित्ताने मागे रेंगाळणारीलाही वाचता येतील.